मानेवरचा जागल्या

उपचार संपले तशी डॉ. उल्का दिवटेने हुक्केरी सरांच्या मानेवर नखाएवढी पट्टी चिकटवली. लोक तिला जागल्या म्हणत. मणक्याला झटका देऊन सांधा मोकळा केला, की पेशंटने ती आठवडाभर लावायची, असा नवा नियम आला होता. मेंदूकडे जाणारं रक्त, चालण्यातला तोल, बोटांचा कंप यांवर पट्टी लक्ष ठेवायची आणि काही बिनसलं तर उपचार करणाऱ्याला कळवायची.

"माझ्या हातावर कशाला हवी राखण?" उल्का हसली. "इतक्या वर्षांत एकाची तक्रार नाही."

"असू दे गं," सर म्हणाले. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आणि उल्का त्यांची विद्यार्थिनी. अख्ख्या इचलकरंजीत ते तिच्या हातगुणाचं कौतुक सांगत फिरत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जागल्याचा इशारा आला. सरांचा तोल जात होता, मानेतला रक्तप्रवाह घटला होता. उल्काने फोन लावला.

"सर, चक्कर वगैरे येते का?"

"छे, छे! झकास आहे. मान कशी लोण्यासारखी फिरतेय!"

तिला तेच ऐकायचं होतं. पट्टी नीट चिकटली नसेल, असं म्हणत तिने इशारा बंद केला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुपारी पुन्हा इशारा आला. या वेळी मात्र ती उठली आणि थेट सरांच्या घरी गेली. सर पलंगावर बसून शर्टाचं बटण लावायला धडपडत होते. बोटांना काज सापडत नव्हतं. तिला पाहून ते काहीतरी बोलले, पण शब्द जड झाले होते.

"कालपासून गरगरतंय त्यांना," त्यांच्या पत्नी गौराक्का म्हणाल्या. "तुला कळवते म्हटलं, तर 'पोरीला वाईट वाटेल' म्हणून अडवलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागच्या खेपेलाही दोन दिवस उठले नव्हते."

मागच्या खेपेला सरांनी तिला पेढे पाठवले होते. उल्काची मान खाली गेली.

इस्पितळात कळलं, मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून तिथे गुठळी झाली होती. औषधं सुरू झाली, जीव वाचला.

"पहिला इशारा कधी आला होता?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी."

"मग?"

पट्टीवर खापर फोडणं सोपं होतं. "मी बंद केला," ती कशीबशी म्हणाली.

सर शुद्धीवर होते. "तुझी काय चूक? खोटं मी बोललो," त्यांनी अडखळत तिची समजूत घातली. तिला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. असे किती जण तिचं मन राखायला झकास म्हणाले असतील? दुसरं उत्तर नको होतं, म्हणूनच तिने कधी खोदून विचारलं नव्हतं.

दवाखाना पुन्हा उघडला त्या दिवशी ती आत न जाता बाहेर पेशंटांमध्येच स्टूल ओढून बसली.

"आज कुणालाही झटका द्यायचा नाही. मला आधी सांगा, माझ्याकडून घरी गेल्यावर तुम्हाला काय काय त्रास झाला?"

"बरंच वाटलं की," एकजण घाईने म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. उल्का उठली नाही.

बऱ्याच वेळाने कोपऱ्यातल्या एका बाईंनी पदर सावरला. "मॅडम, खरं सांगितलं तर रागावणार नाही ना?"