मान खाली घालून काढलेले दिवस

कोट परत आला तेव्हा रफूवालीला डोळ्यांचं कळलं. गिऱ्हाईक भला माणूस, आवाज चढवला नाही. टेबलावर कोट पसरून एवढंच म्हणाला, "बाई, काम सुरेख आहे, पण भोक शेजारी राहिलंय." तीस वर्षं ज्या हातांनी फाटकं कापड असं जोडलं की मालकालाही जागा सापडू नये, त्या हातांनी धडधाकट कापडावर टाके घातले होते. तिनं कोट डोळ्यांसमोर धरला. जिथं नजर रोखावी तिथलंच कापड नाहीसं होत होतं, कडेचं सगळं जागच्या जागी. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. कान होते, केस होते, हनुवटी होती. मधला चेहराच नव्हता.

डावा डोळा तिचा लहानपणीच अधू झालेला. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्याच उजव्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला. बुडबुडा नेहमी वर तरंगतो; मान खाली घालून बसलं तर तो भोकावर दाबून राहतो आणि कडा जुळून येतात. म्हणून सात दिवस सगळं पालथं: जेवणं, बोलणं, झोपणंसुद्धा.

"लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यापुढं मान खाली घालून बसलीस," नवरा म्हणाला. तो शिंपी; दुकानामागच्या खोलीतच त्यांचा संसार.

"बोलून घ्या. डोळा बरा झाला की सगळं वसूल करते."

ती हसली खरी, पण सुई ओवता आली नाही तर आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

कापड बेतायच्या टेबलाच्या कडेला उशी, उशीवर कपाळ, खाली फरशी. बुडबुड्यातून धड काही दिसत नसे. नाकाला लागेल इतकं जवळचं तेवढं दिसायचं; त्यापलीकडं फरशी म्हणजे ढवळलेलं पाणी. नवऱ्याचे पाय म्हणजे दोन काळपट डाग, लेकीचे त्याहून लहान.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद होतं. नवरा मापं घ्यायला बाहेर गेला होता. कुबट वास आला, भिजत घालून विसरलेल्या कपड्यांना येतो तसा. आणि समोर दोन पाय येऊन उभे राहिले. अनवाणी, ओलसर, करडे. बोटं तिच्याकडं वळलेली. उजव्या करंगळीला नख नव्हतं.

"कोण आहे?"

"काय गं आई?" लेक आतून म्हणाली.

"इथं... समोर कोण उभं आहे?"

लेक येऊन बघून गेली. "कुणी नाही. तू मान वर करू नकोस बरं."

घाम तिला फुटला तो थोड्या वेळानं. टाचेची एकेक भेग तिनं पाहिली होती. इतकं लख्ख तिला दिसायलाच नको होतं.

चौथ्या दिवशी तिचा घात केला तो धंद्याच्या सवयीनं. रफू करणारा माणूस काम संपलं की कापड उजेडात धरतो. भोक बुजलं की नाही ते उजेडच सांगतो. तिला डुलकी लागली होती. जाग आली ती हाच विचार घेऊन, आणि अर्धवट झोपेत तिनं उशीवरून तोंड उचललं, खिडकीकडं वर करून धरलं, आणि तशीच बसून राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक.

"अगं, मान!" नवरा दारातूनच ओरडला.

डॉक्टरांनी डोळा तपासला. "कडा जुळलेल्या नाहीत. आणखी सात दिवस खाली मान. त्यानंही नाही जमलं, तर... मग बघू."

डॉक्टर "मग बघू" म्हणतात तेव्हा काय समजायचं, तेवढं तिला कळत होतं. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून हमसाहमशी रडली. लेकीनं पाठीवरून हात फिरवला, नवऱ्यानं बाहेर जाऊन डोळे पुसले. लेकही उठून गेली तसा तो वास पुन्हा आला. पाय वीतभर पुढं आले होते.

आता भीतीसुद्धा उरली नव्हती. "तू कोण ते नको सांगूस..." ती पुटपुटली. "माझी नजर तेवढी परत दे. बाकी माझं काय न्यायचं ते ने..."

त्यानंतर ते पाय आले नाहीत.

दीड महिन्यानं बुडबुडा पुरता विरला. दवाखान्यात तिनं तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. डॉक्टर चकित झाले. "भोक बुजलंय. पण इतक्या लवकर इतकं कुणाला दिसत नाही हो, महिनोन्महिने लागतात." तिनं वळून नवऱ्याकडं पाहिलं. आख्खा चेहरा! नाकाशेजारचा तीळसुद्धा. चारचौघांत त्याची हनुवटी धरून ती रडली, आणि तो लाजून इकडंतिकडं बघत राहिला.

दाराशी चपला घालायला ती वाकली आणि तिथंच थिजली. साडीच्या काठाखाली पाय करडे होते. उजव्या करंगळीला नख नव्हतं.

"अहो... माझ्या डाव्या पायावर भाजल्याचा डाग होता ना? तुमच्या हातून इस्त्री पडली होती..."

"माझ्या हातून? कधी? कसला डाग?"

"आणि हे नख?"

"लग्नापासून असंच आहे की. नजर परत आली म्हणून आता पायांची तपासणी का?"

तिनं मान वर केली. समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, डोळ्याला पट्टी, मान गुडघ्यांपर्यंत खाली, शेजारी सून. त्याच्यासमोर दोन पाय उभे होते. घोट्यांच्या वर काही नव्हतं. डाव्या पायावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता.

"सूनबाई, समोर कोण उभं आहे?"

"कुणी नाही, बाबा."

 म्हाताऱ्याचे खांदे गदगदू लागले, मग ओठ हलू लागले. तो काय मागणार ते तिला ठाऊक होतं. दोनच शब्द बोलायचे होते: मागू नका. तिनं तोंड उघडलं. उघड्या दारातून आतला तक्ता दिसत होता. शेवटची ओळ, एवढी बारीक, एवढी स्वच्छ.

तिनं तोंड मिटलं.

"चल," नवरा म्हणाला. तिनं घाईनं चपला घातल्या. म्हाताऱ्यासमोरचे पाय एक पाऊल पुढं सरकले. आणि चपला पायात असूनही तिच्या तळव्यांना गार फरशी लागली.