शिशुमाराचा डोळा

"मानाजी चिताऱ्यांचं घर हेच ना?"

मैनेने मान वर केली नाही. गेल्या वीस दिवसांत त्या ओट्याशी उभं राहून कोणी हाक मारली नव्हती. कसबा पेठेतली माणसं त्यांच्या दारावरून जाताना पलीकडच्या भिंतीला अंग घासत जायची. आषाढाची झड लागलेली, गल्लीत घोटाभर चिखल... चिखल परवडला, पण पंचकाचा वारा नको.

"हेच. पण ओट्यावर चढू नका."

तोवर तो चढला होता. खांद्यावरचं पोतं त्याने खाली टेकवलं, तसे आतले शंख खडखडले. घोंगडीच्या टोकावरून पाणी निथळत होतं आणि अंगाला खाऱ्या माशासारखा वास येत होता.

"का? ओटा ओला आहे?"

"आबा गेले." शब्द आता सवयीने बाहेर पडत. "धनिष्ठा पंचकात, अशुभ नक्षत्रावर. भटजी म्हणाले, पाच महिने घराला कुलूप लावा आणि कुठेतरी निघून जा."

घोंगडी उतरवून त्याने हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "मग तुम्ही अजून इथे कशा?"

असं सरळ तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने हातातल्या कुंचल्याने ओटीवरच्या भिंतीकडे दाखवलं.

तिथे पुरुषभर उंचीचा पट टांगला होता. निळ्याभोर आकाशात एक प्रचंड जलचर, डोकं खाली, अंग वेटोळं, शेपटीच्या टोकाशी ध्रुव. श्रावणात देवळात यज्ञेश्वरबुवा पुराण सांगायचे. यंदा भागवतातल्या शिशुमारचक्राचा पट मागे लावायचा त्यांनी घाट घातला होता. सगळी नक्षत्रं ज्याच्या अंगावर बसली आहेत असा तो आकाशातला शिशुमार. आबांनी, तिच्या वडिलांनी, एकेक तारा जागच्या जागी बसवला होता. उजव्या कानात धनिष्ठा. उजव्या डोळ्यात श्रवण... पण तो डोळाच काढायचा राहिला होता. चिताऱ्यांच्या घरात डोळा शेवटी काढतात. डोळा उघडला की चित्र आपलं राहत नाही.

"तुमच्या आबांनी कुलाब्याला निरोप धाडला होता," तो म्हणाला. "पांढऱ्या रंगासाठी पोतंभर शंख पाठवा, आणि शिशुमार डोळ्यांनी पाहिलेला माणूस पाठवा. शंख हे. माणूस मी. धाकजी. आमचंही चिताऱ्याचंच घर, पण आजा कोकणात उतरला, तेव्हापासून आम्ही गलबतांच्या नाळीवर, पुढच्या टोकावर, डोळे काढतो." मग तो खाली पाहून म्हणाला, "घाटात दरड पडली. आठ दिवस तिथेच गेले."

"आठ दिवस आधी आला असतात तरी उशीरच होता."

आबांचा तो हट्ट तिला ठाऊक होता. पोथी शिशुमाराला देव म्हणे. कोशात नुसतं 'जलचर' लिहिलेलं. मुठेवर धुणं धुणाऱ्या बाया म्हणत, सुसरच की ती. "एका नावाची इतकी सोंगं," आबा म्हणत, "आता पाहिलेला माणूस गाठला पाहिजे."

धाकजी पटाजवळ गेला, वाकून पाहू लागला आणि एकाएकी हसला. लगेच त्याने तोंडावर हात ठेवला.

"हसायला काय झालं?"

"हे दात कोणी काढले?"

"मी," मैना तुटकपणे म्हणाली. "तोंड आबांनी कोरं ठेवलं होतं. सुसरीला दात असतात."

"ही सुसर नव्हे, बाई. हा गादा. गोव्याचे फिरंगी त्याला गोल्फिन म्हणतात." आज आपण ज्याला डॉल्फिन म्हणतो, त्याच्याबद्दल तो बोलत होता. "त्याला दात असतात, पण तो ते दाखवत नाही. तोंड मिटलं तरी हसल्यासारखा दिसतो."

"तुमच्यासारखा?"

हे तोंडातून कसं निघून गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. आतून तुळजाबाईंचा, तिच्या आईचा, आवाज आला, "मैने, पाहुण्याला गूळपाणी दे. आपल्या ओट्यावर चढलाय, म्हणजे एक तर शूर असेल, नाहीतर खुळा."

*

धाकजी कुंभारवेशीजवळच्या धर्मशाळेत उतरला आणि रोज सकाळी येऊ लागला. शंख भाजायचे, फोडायचे, मग दिवसभर खलायचे. खलता खलता तो बोलत असे. मैना दात पुसून तिथे मिटलेलं तोंड रंगवत असे.

"नाव धाकजी, आणि धाक कुणाला वाटत नाही?"

"मचव्याला वाटतो. समुद्रात घालायला माझा स्वतःचा मचवा आहे. बाकी... तुम्हाला वाटतो का?"

"रंग जाडा राहिलाय. अजून खला."

तिचं कपाळ उघडं होतं. नवव्या वर्षी बाशिंग बांधलं, अकराव्या वर्षी देवीच्या साथीत नवरा गेला. त्याचं तोंडही तिला आठवत नव्हतं. त्यांच्यात पाट लागत असे, विधवेचं दुसरं लग्न होत असे. आबांनी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा ती न बोलता रंग घोटत राहिली होती. आता कोणी विचारणारंही नव्हतं. ती थकली होती. झोपेने जाणारा थकवा नव्हता तो... कुंचला उचलावा तर मनगटात शिसं ओतल्यासारखं वाटे.

एकदा त्याने ओट्यावर चार कवड्या चौकटीत मांडल्या. पतंगासारख्या. खाली शेपटीला पाचवी.

"ओळखा."

तिने ओळखलं आणि हात मागे घेतला. "धनिष्ठा."

"फिरंगी खलाशी यालाच गोल्फिन म्हणतात. आकाशात उडी मारलेला गादा. ढग फाटले आणि हा दिसला की ते टोप्या काढतात... सोबती भेटला म्हणून."

मैनेने मागे घेतलेला हात पुढे केला आणि शेपटीची कवडी बोटाने सरळ केली. ज्या चांदण्यांनी शेजारपाजार तोडला, त्या कुणालातरी पाहून बरं वाटतं.

त्याच दुपारी यज्ञेश्वरबुवा छत्री सावरत आले आणि सरळ ओट्यावर चढले.

"पंचक माणसांना लागतं, देवाला नाही," ते म्हणाले. "पण आंधळा देव मी लोकांपुढे लावणार नाही. परवा दिव्याची अवस. तोवर डोळा झाला तर ठीक. नाहीतर पट बुधवार पेठेतल्या चिताऱ्याकडे जाईल, आणि डोळा ज्या घरचा हात काढेल त्या घराचं नाव खाली पडेल. रीत तुम्हीच शिकवलीत आम्हाला."

"आबांचं नाव—"

"म्हणूनच सांगायला आलो, पोरी. नाहीतर निरोप धाडला असता."

*

अवसेला तुळजाबाई आत दिवे घासत होत्या. मैनेने तीनदा कुंचला बुडवला, तीनदा पुसला.

"तुम्हीच काढा," ती म्हणाली. "रोज डोळेच काढता ना."

"माझा हात लागला तर नाव माझं पडेल." धाकजीने खल बाजूला सारला. "एक सांगू? गाद्याच्या कळपात एखादा मेला ना, तर बाकीचे त्याला बुडू देत नाहीत. पाठीवर घेतात, पाण्याच्या वर धरतात. त्याला श्वास घेता यावा म्हणून. मी पाहिलंय. दोन दिवस आमच्या मचव्याच्या आगेमागे एक मादी पिलाला घेऊन पोहत होती. काही खात नव्हती."

पन्हळीतून पाणी पडत होतं.

"मग?"

"तिसऱ्या दिवशी सोडलं."

"का?"

"थकली असेल," तो म्हणाला. "तिलाही वर येऊन श्वास घ्यावा लागतोच की."

मैना रडली नाही. इतके दिवस ज्या घराला भटजींनी कुलूप लावायला सांगितलं होतं, त्या घरात ती त्या एका कोऱ्या जागेला धरून बसली होती. डोळा उघडेपर्यंत आबांचं काम संपत नव्हतं. काम संपत नव्हतं तोवर आबा...

ती उठली. आबांचा सगळ्यात बारीक कुंचला काढला, खारीच्या केसांचा. धाकजीने खललेला शंखाचा पांढरा टिपला. आधी शुभ्र, मग काळं बुबुळ, आणि त्यात एकच ठिपका. श्रवण.

शिशुमार तिच्याकडे पाहू लागला. मिटल्या तोंडाने हसत.

खाली कोपऱ्यात तिने लिहिलं: मानाजी चितारी, कसबे पुणे. मग कुंचला धुतला आणि खूप दिवसांनी एक लांब श्वास घेतला.

*

दुसऱ्या दिवशी पट वाजतगाजत देवळात गेला. धाकजी घोंगडी खांद्यावर टाकून ओट्याशी उभा राहिला.

"निघतो. नारळी पौर्णिमेला गलबतं पाण्यात पडतील. त्याआधी सगळ्यांचे डोळे काढायचेत."

"किती?"

"आठ गलबतं आणि एक माझा मचवा. अठरा डोळे." तो घुटमळला. "नाही... सतरा."

"एक कुठे गेला?"

"माझ्या मचव्याचा. डावा मी काढीन. उजवा कोरा ठेवणार आहे." आता त्याच्या ओठांवर हसू नव्हतं. "एका डोळ्याने मचवा पाण्यात घालत नाहीत. तुम्ही आला नाहीत, तर तो वाळूतच राहील. आणि त्याच्याबरोबर... मीही."

मैनेचे कान तापले. "आणि लोक काय म्हणतील?"

"एकडोळ्या धाकजी म्हणतील. म्हणू देत."

दारात साखळी वाजली. तुळजाबाई हातात कुलूप घेऊन उभ्या होत्या.

"पाच महिने घर सोडा, असं भटजी पहिल्या दिवसापासून सांगतायत," त्या म्हणाल्या. "जायचं कुठे, एवढंच त्यांनी सांगितलं नव्हतं. कुलाब्याला माझी मावसबहीण आहे. पाटाचं काय ते तिच्या ओसरीवर बसून बोलू, असं रस्त्यात नको. आणि अहो शूर, तुमच्या घाटातली ती दरड हटली का?"

"हटली, आई."

"आई लगेच म्हणायला नको. बोचकं उचला."

मैना आत वळली. कोनाड्यातला खारीच्या केसांचा कुंचला अजून ओलसर होता. तिने तो फडक्यात गुंडाळला आणि कमरेला खोचला.