चाळीसवर अडलेला आकडा

"ड्राइव्हचं कवच आमचंच आहे. आतला माल बदललाय," अबोली म्हणाली. कडेवरचं बाळ तिची साखळी ओढत होतं.

खासगी तपास करणाऱ्या सुमती गजभिये धरमपेठेतल्या या फ्लॅटमध्ये नुकत्याच आल्या होत्या. सोबत सहायक पुष्कर.

अबोली घरूनच लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. बाहेरून जोडायचा तिचा नवा एसएसडी ड्राइव्ह सेकंदाला हजार एमबीने धावायचा. मंगळवारी कॉम्प्युटरच्या दुकानातली गोपिका मेमरी वाढवायला आली, आणि त्या संध्याकाळपासून वेग चाळीस. बुधवारी अबोलीने दुकानमालकाकडे चोरीची तक्रार केली. आज सोमवार. पाच वाजेपर्यंत उलगडा झाला नाही, तर गोपिकाची नोकरी जाणार होती.

"ती एकटी होती इथं?" सुमतींनी विचारलं.

"दहा मिनिटं. हा रडला म्हणून मी आत गेले."

सुमतींनी खोली न्याहाळली. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, सॉकेटवर टेप, ड्रॉवर सुतळीने बांधलेला. ड्राइव्ह उंच फळीवर. तिथून एक लांब पांढरी केबल खाली कॉम्प्युटरपर्यंत. त्यांनी एक मोठी फाइल कॉपी करायला लावली. आकडा चाळीसवर गेला आणि तिथंच थांबला.

"ड्राइव्ह बिघडलाय," पुष्कर म्हणाला.

"बिघडला असता तर आकडा खाली-वर नाचला असता गा. हा तर हाताची घडी घालून बसलाय."

बोलावल्याप्रमाणे गोपिका आली. ती दारातच उभी राहिली.

"मी ड्राइव्हले हातही नाही लावला, मॅडम. टेबलावर होता, बोटभर केबलनं जोडलेला. मी काहून चोरू?"

मग अबोलीचा दीर विक्की. त्याने आधीच कान पकडले.

"वहिनी, रागावू नको. शनिवारी तू आंघोळीला गेली तेव्हा मी ड्राइव्ह नेला होता. माझ्या लॅपटॉपले, माझ्या केबलनं लावला. पंधरा जीबीचा गेम, पोह्यावर लिंबू पिळेस्तोवर त्याच्यावर गेला!"

"विचारायचं नाही का रे?"

"तू जेवल्याशिवाय हो म्हणत नाही वं."

सुमती हसल्या. "अबोली, बाळ उभं कधीपासून राहतंय?"

"मंगळवारी दुपारी! टेबल धरून, स्वतःच." अबोलीचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

"म्हणजे गोपिका गेल्यावर?"

"हो." तिचं हसू मावळलं.

"शनिवारी हाच ड्राइव्ह विक्कीकडे धावला. म्हणजे आतला माल अस्सल आहे आणि गोपिका निर्दोष. मग इथंच का अडतो? तिनं पाहिला तेव्हा तो टेबलावर होता, आज फळीवर आहे. बाळाचा हात पोचेल म्हणून तुम्ही तो वर ठेवला. आखूड केबल तिथवर पुरेना. मग ही कुठून आणली?"

"मोबाइलच्या चार्जरची," अबोली पुटपुटली. "दोन्ही टोकं बसली, म्हणून..."

"अशा बहुतेक केबल वीज भरपूर नेतात. माहिती मात्र बारीक धारेनं. जिथं तिथं चाळीसच."

अबोलीने ड्रॉवरची सुतळी सोडून आखूड केबल काढली आणि ड्राइव्ह टेबलावर घेऊन जोडला. आकडा हजारावर गेला. तिला पडद्याकडे बघवेना. गोपिकाकडे तर नाहीच.

तिने मालकाला फोन लावला. "चूक माझी होती. गोपिकानं काही घेतलं नव्हतं." पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे. तिला उद्या यायला सांगा."

"नोकरी वाचली," पुष्कर म्हणाला.

"नोकरीचं झालं," गोपिका हळूच म्हणाली. "पण बुधवारी मले बोलावून तुम्ही जिन्यात माझी बॅग उलटी केली. डबा, कंगवा, सगळं पायऱ्यांवर. मजल्यावरच्या बायका पाहून राहिल्या होत्या. त्यांले कोण सांगन?"



अबोलीने बाळ विक्कीच्या हातात दिलं, बाहेर जाऊन समोरच्या दाराची बेल दाबली.

"काकू, जरा बाहेर या. त्या दिवशी मी हिला चोर म्हटलं, ते खोटं होतं."

मग तिने शेजारची बेलही दाबली.