उलटा हात

अर्जातला पदवीचा रकाना जाऊन तीन वर्षं झाली होती. शिरोलीच्या त्या पंप कारखान्यात आता उमेदवाराला फक्त कौशल्यमोजा हातात घालायला देत. तो बोटांचा दाब, वेग, क्रम टिपायचा, जाणकारांच्या हातांशी ताडून पाहायचा आणि गुण द्यायचा. साठच्या खाली नेमणूक नाही. रकाना काढण्याचा प्रस्ताव देखभाल विभागाच्या प्रमुख वैजयंती पाटणकरांचाच. त्यामुळे प्रत्येक चाचणीला त्या जातीनं हजर असत.

आजच्या उमेदवार मुमताज शिकलगार. इचलकरंजीत वीस वर्षं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. माग बंद पडले तसं तेही बंद पडलं. शिक्षण दहावी.

मुमताजनं चाचणीसाठी ठेवलेल्या बिघडलेल्या मोटारीची वीज तोडली, टेस्टर लावला. मग हात उलटा करून बोटांची मागची बाजू मोटारीला टेकवली. मोज्याला जोडलेल्या पडद्यावर लाल अक्षरं आली : अनावश्यक हालचाल. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून तिनं हातानं मोटारीचा दांडा फिरवत कानोसा घेतला. पुन्हा लाल : हत्याराचा गैरवापर.

"बेअरिंग गेलंय," ती म्हणाली आणि अकरा मिनिटांत बदलूनही मोकळी झाली.

मोटार सुरळीत फिरू लागली. गुण आले एकेचाळीस.

"टेस्टर लावला होता की, बाई. मग हात कशाला?" मोजा सांभाळणाऱ्या दिगंबरनं विचारलं.

"टेस्टरची बॅटरी उतरलेली असली तर? सुलट्या हातानं शिवलं अन् करंट असला तर मूठ आवळती. उलटा हात सुटतो. अब्बांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

वैजयंतीबाईंनी मोज्याची संदर्भयादी उघडली. चार हजार हात. मोजा घडवला तेव्हा कारखान्यांत पदवीवाल्यांनाच घेत, म्हणून सगळे हात पदवीधर अभियंत्यांचे. एकशे बारावा त्यांचा स्वतःचा.

"यांचा हात यादीत घालता येईल?"

"घालू की. पण मॅडम, चार हजारांत एक. सरासरी हलायची नाही." दिगंबरनं नकाराचा फॉर्म पुढे सरकवला. त्यात कारणाचा रकाना होता.

मुमताज मोजा काढून उभी होती.

"आधी कागद नाही म्हणून परत लावायचे," ती शांतपणे म्हणाली, "ते घरी सांगता यायचं. आज काय नाही म्हणून सांगू, मॅडम?"

वैजयंतीबाईंनी पेन उचललं. रकान्यात लिहायला त्यांच्याकडे तरी काय होतं?