दोन खुर्च्या आणि दहा मिलिमीटर

लेन्स सापडली. चोराने चहा पाजला. कुणालाही अटक झाली नाही.

ही तीन वाक्यं चुकून आधी आली आहेत. ती वाचलीच नाहीत असं धरून चालू.

तर, लेन्स हरवली आहे. शनिवार आहे, दुपारचा दीड वाजलाय, आणि अकोल्याच्या बस स्थानकावर ‘हरवले-सापडले’ अशी पाटी असलेल्या खिडकीसमोर एक माणूस उभा आहे. लेन्स हरवण्यापेक्षा ही दुसरी गोष्ट जास्त धक्कादायक होती. चार महिन्यांत तिथे कुणी उभं राहिलं नव्हतं.

खिडकीच्या आत शालू इंगळे बसायची. वय एकोणतीस. तिच्या पाठीमागच्या कपाटात अकरा छत्र्या, एक फेटा, उजव्या पायाची एक चप्पल आणि वरच्या दातांची एक कवळी होती. कवळीचा मालक कधीही येईल म्हणून शालू ती दर सोमवारी धुवायची. मालक दीड वर्ष आला नव्हता. जेवायला जाताना ती ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी लावायची. ती कुणी वाचत नाही हे कळल्यावरही लावायची.

“मॅडम, लेन्स गेली,” माणूस म्हणाला.

शालूने रजिस्टर उघडलं. पानं एकमेकांना चिकटली होती.

“वर्णन?”

“दहा मिलिमीटर, अल्ट्रावाइड, प्राइम.”

“मराठीत.”

“लहान संत्र्याएवढी. काळी. समोरून काच फुगलेली.”

माणसाचं नाव कुंदन ढोके. राहणार अमरावती. विकायला काढलेल्या घरांचे आतून फोटो काढणं हा त्याचा धंदा. ही लेन्स कॅमेऱ्याला लावून खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवली की अख्खी खोली एका फोटोत येते, आणि दहा बाय दहाचा हॉल मंगल कार्यालयासारखा दिसतो, असं त्याने समजावलं. जवळची वस्तू आणखी मोठी होते, पलीकडची आणखी लांब जाते. झूम नाही. कशाच्या जवळ जायचं असेल तर आपल्याच पायाने जायचं. आणि लेन्स हाताने फिरवायची, साधी. तिच्यात चिप नसल्यामुळे कॅमेऱ्याला ती लावलेली कळत नाही.

“म्हणजे ती निघून गेली तरी त्याले पत्ता नाही?”

“त्याले वाटते, कोणी होतंच नाही.”

शालूने कॅमेऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सोमवारी सकाळी दहाला कुंदनला अमरावतीत एका नव्या हॉटेलच्या बावीस खोल्या काढायच्या होत्या. लेन्स नाही तर काम नाही. काम नाही तर हिवरखेडला मामाचा स्टुडिओ, निळा पडदा, आणि “हनुवटी वर करा” हे वाक्य जन्मभर.

अडचण एकच होती. वस्तू बसमध्ये हरवलेली असेल तरच या खिडकीचा संबंध, असा नियम होता. कुंदन अजून बसमध्ये चढलेलाच नव्हता. बॅग तपासली तेव्हा तो फलाटावर होता. शालूने नियम त्याला वाचून दाखवला, रजिस्टर मिटलं, दोन कोरे नमुने पर्समध्ये टाकले आणि खिडकीला पाटी लावली.

“चला,” ती म्हणाली.

ऑटोत तिने सकाळचा हिशेब लावून घेतला. गोरक्षण रोडवर दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मालक केशवराव बोंडे, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून निवृत्त. बायको सुभद्राबाई दीड वर्षापूर्वी गेली. मुलगी रागिणी पुण्याहून आली होती. फ्लॅट विकून वडिलांना सोबत नेणार होती. घर दाखवणारा एजंट श्रावण. एवढीच माणसं.

कुंदनने आधी हॉल काढला. तिसरा फोटो मनासारखा आला. तो पडद्यावर तसाच ठेवून, कॅमेरा स्टँडवर सोडून तो रागिणी आणि श्रावणला गॅलरीत बोलवायला गेला. मालकांना फोटो दाखवायचाच, हा त्याचा रिवाज. “हॉल केवढा मोठा दिसून राहिला पाहा” हे वाक्य ऐकल्यावर लोक खूश होतात. गॅलरीत गप्पांत पाच मिनिटं गेली. मग दोघांनी येऊन फोटो पाहिला. खूश झाले. मग झोपायची खोली. मग उजेड बदलला म्हणून पुन्हा हॉल, फोटो एकोणीस. त्यानंतर त्याने ही लेन्स काढून हॉलमधल्या टीपॉयवर ठेवली, लग्नात चेहरे काढायची दुसरी लेन्स लावली आणि स्वयंपाकघरात नळ, फरशी, कडप्पा असे सात फोटो घेतले. वीस ते सव्वीस. मग बॅग भरून निघाला.

“हॉलमधल्या वस्तू कोणी हलवल्या?”

“नाही. सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, कायले हात लावू नका.”

श्रावण इमारतीखालच्या टपरीवरच भेटला. पिवळा शर्ट, हातात मोबाइल. त्याने न विचारता तिघांसाठी चहा सांगितला आणि पाजलाही. कुंदनच्या म्हणण्यानुसार, “अशी लेन्स आपल्याले भेटन काय?” असं यानेच सकाळी दोनदा विचारलं होतं.

“विचारलं,” श्रावण म्हणाला. “पण मी तं गॅलरीत फोनवर होतो, मॅडम. अन् मले काय करायची? मी तोंडानंच हॉल मोठा करतो.”

वर रागिणीनेही चहा ठेवला. तपासातला हा दुसरा चहा. तिची भाषा पुण्यात राहून मऊ झाली होती. तिने सांगितलं की शेवटचे फोटो चालले तेव्हा ती स्वयंपाकघरात खिडकीचा पडदा धरून उभी होती, हात दुखेपर्यंत. लेन्स बघितली, पण हात लावला नाही. बाबा तर सकाळपासून खाली बाकावरच होते. घराचे फोटो निघताना त्यांना बघवत नव्हतं.

केशवराव हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीत बसले होते. शेजारी तशीच दुसरी लोखंडी खुर्ची, जुनी उशी टाकलेली. दोन्हींच्या मधे टीपॉय. शालू त्या दुसऱ्या खुर्चीत बसायला गेली.

“तिथं नोका बसू,” केशवराव म्हणाले. “स्टूल देतो.”

ती स्टुलावर बसली. चहाचं त्यांनी विचारलं नाही.

“फोटो काढले तवा तुमी कुठं होते, काका?”

“खाली. बाकावर.”

“वर आलेच नाही?”

“नाही.”

“फोटो पाहिले?”

“काहून पाहू? घर मी रोज पाहतो.”

“अन् लेन्स?”

“नाही.” मग दोन्ही खुर्च्यांकडे हात करून, “तसल्या वस्तूचा काही भरवसा नाही. या दोन खुर्च्यायच्या मंधात बारा फूट कुठून येईन, तुमीच सांगा. अडीच फूट आहे. मी मोजेल आहे.”

शालूने मान डोलावली आणि पेन खाली पाडलं. उचलायला वाकली. सुभद्राबाईंच्या खुर्चीजवळ फरशीवर गंजाचे चार तांबूस ठिपके होते. एकाही ठिपक्यावर खुर्चीचा पाय नव्हता.

मग ती कुंदनचा कॅमेरा घेऊन गॅलरीत गेली. फोटो तीन: पुढे केशवरावांची खुर्ची, फुगून पलंगाएवढी झालेली. सुभद्राबाईंची खुर्ची पार पलीकडे, काडेपेटीतून काढल्यासारखी. मधला टीपॉय एखाद्या चौकासारखा. त्या खुर्चीचे पाय ठिपक्यांवर होते. फोटो एकोणीस: तेच सगळं, फक्त ठिपके उघडे, खुर्ची वीतभर अलीकडे. तरीही लांबच. वीस ते सव्वीस: प्रत्येकात पडदा धरलेला एक बांगड्यांचा हात, आणि खिडकीच्या काचेतून दिसणारा गॅलरीतला पिवळा शर्ट. सातही फोटोंत त्याचं तोंड उघडं होतं.

वाचकाने इथे थांबून चोर ओळखायला हरकत नाही. तेवढ्या वेळात शालूने पाणी पिऊन घेतलं.

मग तिने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दहा बाय दहात पाच माणसं आणि एक संशय मावत नव्हता. कुंदन सवयीने कोपऱ्यात जाऊन पाठ टेकून उभा राहिला.

“लेन्स टीपॉयवरून गेली ती कुंदन किचनमदी असताना,” शालू म्हणाली. “त्या वेळचे सात फोटो आहेत. सातही फोटोत रागिणीताईचा हात पडद्यावर आहे. सातही फोटोत श्रावणभाऊ गॅलरीत बोलून राहिले. कुंदन फोटो काढून राहिला. उरलं कोण?”

“बाबा खाली होते,” रागिणी म्हणाली.

“खाली बसलेल्या माणसाले बारा फूट कसे माहीत? खोलीत अडीच आहे. बारा फक्त फोटोत दिसते, अन् फोटो त्यायनं पाहिला नाही म्हणतात.”

रागिणी वडिलांकडे वळली.

“तुमी सगळे गॅलरीत होते तवा काका वर आले. कॅमेरा स्टँडवर होता, तिसरा फोटो पडद्यावर. त्यायनं पाहिला. अन् काकूची खुर्ची जवळ सरकवली. ठिपके फरशीवर आहेत. आत्ता मोजलं तं अडीच फूट नाही भरणार, काका.”

केशवराव फरशीकडे पाहत होते.

“सरकवली,” ते म्हणाले. “पण पडद्यावरची हललीच नाही.”

“तो काढलेला फोटो असते, काका,” कोपऱ्यातून कुंदन हळूच म्हणाला.

“आता समजलं.”

शालूने पर्स मांडीवर घेतली. “तुमी मले त्या खुर्चीत बसू नाही दिलं. मले वाटलं, काकूची खुर्ची आहे म्हणून. तेही खरंच असन. पण उशी एका बाजूनं जास्त वर आहे.”

केशवराव उठले. उशीखाली हात घातला. लहान संत्र्याएवढी काळी वस्तू काढून त्यांनी टीपॉयवर ठेवली. काच रुमालाने पुसून ठेवलेली होती.

कुंदनने श्वास सोडला. हिवरखेडचा निळा पडदा एका दिशेने सरकून गेला.

“पण काहून, काका?” त्याने विचारलं.

केशवराव परत आपल्या खुर्चीत बसले.

“लग्नाच्या वर्षी कौंडण्यपूरच्या जत्रेत एकाजवळ दुर्बीण होती,” ते म्हणाले. “म्या पाहिलं तं सुभद्रा पार नदीच्या पल्याड गेली, मुंगीएवढी. ती होती हाताच्या अंतरावर. ती म्हणे, अहो उलटी धरली तुमी. सुलटी धरली तं नाकापुढं आली. हासून राहिली होती.” त्यांनी लेन्सकडे बोट केलं. “हे काच लांब नेते. म्या म्हटलं, पोरानं उलटी बसवली. फिटर होतो मी, पट्टा उलटा बसला की मशीन उलटं चालते. हा किचनमदी होता तवा परत वर आलो, म्हटलं फिरवून पाहू.”

“मग?”

“फिरवली. खुर्ची उलटी झाली. पाय वर. जवळ नाही आली.”

तोवर कुंदन बॅग भरून निघून गेला होता, आणि जिन्यावरून हाक मारून “मीच घेतली” म्हणायची त्यांना लाज वाटली. एवढंच. चाळीस वर्षं जिनिंगमध्ये एक नट घरी आणला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

“बाबा, पुण्याला खूप मोठा हॉल आहे,” रागिणी म्हणाली.

केशवरावांनी चहा ठेवला. दूध रागिणीने संपवलं होतं म्हणून काळा. सगळ्यांनी घेतला.

कुंदन कप ठेवून उठला. काकांना दोन्ही खुर्च्यांचा एक चांगला फोटो काढून देतो म्हणाला, फुकट. लग्नाची लेन्स लावली, त्यात वस्तू जवळजवळ दिसतात. भिंतीला टेकला. एकच खुर्ची मावली. दारात गेला. दीड खुर्ची. जिन्यात गेला तेव्हा मधे भिंत आली. मग त्याने दहा मिलिमीटर लावली. दोन्ही खुर्च्या आल्या, आणि मधे बारा फूट आले.

“दोन्ही एका फोटोत पाहिजे तं लांब दिसन,” तो म्हणाला. “जवळ पाहिजे तं एकच येते.”

“तसंच आहे ते,” केशवराव म्हणाले.

मोबाइलवर काढू का, असं कुंदनने विचारून पाहिलं.

“मोबाइलनं माणूस लाइटच्या मीटरचा फोटो काढते,” केशवराव म्हणाले.

शालूने नमुना क्रमांक तीन काढला. सापडलेली वस्तू मालकाला देताना ती ज्याला सापडली त्याची सही लागते. ‘चोरी’ असा रकाना नमुन्यात नव्हता, म्हणून प्रश्न मिटला. केशवरावांनी सही केली. कुंदनने केली. श्रावणने साक्षीदार म्हणून केली आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.

केशवरावांची नजर दुसऱ्या कोऱ्या कागदावर होती.

“हा कायचा?”

“नमुना दोन. हरवलेल्या वस्तूचा. पण वस्तू बसमदी हरवेल पाहिजे, काका.”

“कौंडण्यपूरहून आमी एसटीनंच आलो होतो,” केशवराव म्हणाले. “देऊन ठेवा.”

त्यांनी चष्मा लावला आणि टीपॉयवर वाकून, खाडाखोड न करता, एका दमात लिहिलं. शालू पाचला खिडकीवर परत आली. पाटी होती तशीच होती. तिने रजिस्टरमध्ये नोंद घेतली, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, आणि अर्ज शिफारशीसह वर पाठवला:

प्रति,
मा. अधीक्षक, हरवले-सापडले विभाग.

विषय: दोन खुर्च्यांमधील अंतर परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, माझे राहते घरातील खुर्ची क्रमांक एक व दोन यांमधील अंतर (अडीच फूट, एकेचाळीस वर्षे वापरातील, चालू स्थितीत) माझेकडून हरवले आहे. घरात शोध घेतला. खुर्ची सरकवून पाहिली. काच फिरवून पाहिली. उपयोग झाला नाही. खुर्ची क्रमांक दोनवर बसणारी व्यक्ती गैरहजर असल्याने तिची सही सोबत जोडलेली नाही.

माझा मुक्काम पुणे येथे हलण्यापूर्वी सदर अंतर, खुर्ची क्रमांक दोनवर बसणाऱ्या व्यक्तीसह, मूळ ठिकाणी परत मिळावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
के. बा. बोंडे