उसनी दचक

ओजस वेळापुरे स्टेजवर घाणेरडं बोलायचा, आणि त्याची लाज वाटून घ्यायला पडद्यामागे काचेच्या खोलीत त्याचे वडील मुकुंदराव बसलेले असायचे. डोक्याला पट्टा, कानात पोराचा आवाज, दाराला बाहेरून कडी. मध्येच कुणी आलं-गेलं तर पट्टा चुकीचं काहीतरी टिपतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. मुकुंदरावांसाठी पाण्याची बाटली ठेवलेली असे. उठून जायची सोय तेवढी नव्हती.

आता हे काय खूळ, ते सांगायलाच हवं. त्या काळात पुण्यात कुणी कशानं दचकतच नसे. सकाळी दात घासताना कानात शिव्या, जेवताना डोळ्यांपुढे नको नको ते. माणसांची मनं पार निबर झाली होती. विनोदवीर बिचारे माईकवर आई-बहीण काढायचे आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. अहो, एकानं तर स्टेजवरच नको तो विधी उरकला, तरी पहिल्या रांगेतल्या बाईंनी नाकाला रुमालसुद्धा लावला नाही.

मेंदूच्या डॉक्टर तन्वी हसबनीस यांनी यावर तोड काढली. मुकुंदरावांना त्यांनी ती पहिल्याच दिवशी नीट समजावून दिली. काळोखात जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, की पोटात धस्स होतं. मग पाय जमिनीला लागतो आणि आपलं आपल्यालाच हसू येतं. स्टेजवरची शिवी म्हणजे ती अवचित निघालेली पायरी. आधी धस्स, मग सुटका, आणि हसू येतं ते सुटकेचं. पण रोज तोच जिना उतरलात तर पाय शिकतात. धस्स होत नाही, म्हणून हसूही येत नाही. तेव्हा ज्याला अजून धस्स होतं असा एखादा माणूस शोधायचा, त्याच्या मेंदूतली ती कळ पट्ट्यानं टिपायची आणि खुर्च्यांच्या उशांमधून सगळ्या प्रेक्षकांना पोचवायची. रक्तदाता असतो ना, तसा हा दचकदाता.

मुकुंदराव या कामाला अगदी चपखल. मिरजेत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. जन्मभर परक्या बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरल्या, म्हणून नजर खाली आणि जीभ स्वच्छ. घरात कुणी ‘च्यायला’ म्हटलं तरी यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. बायको, सुजाताबाई, गेल्यावर दुकान बंद करून ते पोराकडे राहायला आले होते. दचकदात्याशिवाय कुठलंच थिएटर तारीख देत नाही, असं पोरानं सांगितलं. मुकुंदराव, म्हणजे घरातले अण्णा, म्हणाले, बसतो बापडा.

पहिल्याच प्रयोगात प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. आत म्हातारा खुर्चीचे हात घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. बाहेर आल्यावर त्यांनी आधी चूळ भरली. थोड्या दिवसांनी म्हणाले, पुरे झालं रे आता. ओजस म्हणाला, दिवाळीपर्यंत, अण्णा. दिवाळी झाली, पण पुढच्या तारखा लागलेल्या होत्या. मिरजेहून त्याची मोठी बहीण शर्वरी आली आणि तोंडाला येईल ते बोलली. बापाला कुणी असं जुंपतं का, म्हणाली. ओजसनं सगळं मान खाली घालून ऐकलं आणि संध्याकाळी अण्णांना रिक्षात घालून थिएटरला नेलं. त्या हशाशिवाय त्याला जगताच येत नव्हतं, हे खरं कारण. बाकी सगळ्या सबबी.

मग व्हायचं तेच झालं. पाय शिकले. पट्ट्याला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर दचक दाखवणारी रेघ दर प्रयोगाला थोडी थोडी बसत चालली. ओजस अधिकाधिक घाण बोलू लागला, अण्णा अधिकाधिक शांत. एकदा जेवताना आमटीत मीठ कमी आहे हे सांगताना अण्णा सहज एक शिवी घालून गेले, आणि ओजसचा घास हातातच राहिला.

डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं.

“नुसत्या शब्दांनी आता काही होणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनी मनात जपून ठेवलेलं काही असेल ना? ते काढा.”

“ते काढलं तर अण्णा मला माफ करतील?”

“ते मला मोजता येत नाही.”

काय जपलेलं आहे हे ओजसला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या महिन्यात आई अंथरुणाला खिळली, तेव्हा अण्णांनी नर्सला हात लावू दिला नाही. स्वतः तिचं सगळं धुवायचे, पुसायचे, पावडर लावायचे, आणि मग तिच्या सुजलेल्या हातात साबणाच्या पाण्यानं एक हिरवी बांगडी भरायचे. ओजसनं ते दारातून पाहिलं होतं. हे कुणाला सांगू नको, तिला आवडणार नाही, एवढंच अण्णा तेव्हा म्हणाले होते.

रविवारी दुपारचा प्रयोग. हे बोलायचं नाही, असं तो मनाशी ठरवून आला होता. पण अर्धा तास झाला तरी सगळं थंड. लोक छताकडे बघू लागले, एक जोडपं उठून गेलं.

“माझ्या बापानं,” तो म्हणाला, “जन्मभर गावातल्या बायकांचे हात धरले. आणि स्वतःच्या बायकोचं काय धरलं? ढुंगण. तेही धुवायला.”

कुणीही हसलं नाही.

दचकला तो एकटा ओजसच. माईक टाकून तो आत धावला. वाटलं, अण्णांचं काही बरंवाईट झालं, म्हणून यंत्र बंद पडलं. यंत्राला काही झालं नव्हतं. अण्णा आरामात बसले होते. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या आणि पडद्यावर सरळ रेघ होती.

“अण्णा, मी आईवर बोललो.”

“ऐकलं की. बरं जमलं होतं. लोक का नाही हसले?”

तो त्यांच्या पायाशी बसला आणि रडू लागला. आई आठवते ना तुम्हाला, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं.

“आठवते की. ते धुणं, ती बांगडी, सगळं आठवतं. पण आता काही होत नाही बघ.” गुडघा दुखायचा थांबला हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

डॉक्टर सावकाश म्हणाल्या, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. जी कळ दचकायला लागते तीच कळवळायलाही लागते. वापरून झिजली की दोन्ही जातं. परत येते का, ते ठाऊक नाही. मग त्यांनी विचारलं की पुढच्या रविवारची सगळी तिकिटं गेली आहेत, तर घरात दुसरं कुणी आहे का. ओजस म्हणाला, कुणी नाही.

अण्णांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोराची अडचण त्यांना दिसत होती, आणि मदत करायची सवय काही गेली नव्हती.

“असं कसं? शर्वरी आहे की. आईचं नाव काढलं तरी ती अजून ढसाढसा रडते. तिला बसव.”

डॉक्टरांनी शर्वरीचा नंबर विचारला. अण्णांनीच तो तोंडपाठ सांगितला.