काचेला रबराचा गोट

खंडेनवमीला आप्पांच्या मोटारीची पूजा झाली, आणि आप्पांनी नारळ लेकीच्या हातात दिला. "गौरा, ओवाळ, मग चाकापाशी फोड."

गौराचे हात नुकतेच समईत तेल घालून आलेले. तिनं नारळ एकदा ओवाळला, पुन्हा ओवाळला, आणि मग... तो हातातून जो सटकला, तो थेट पुढच्या काचेवर! खण्णकन आवाज झाला. नारळ शाबूत, काचेचं मात्र जाळं.

"दृष्ट लईच जोरात काढली की!" रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं.

गौरानं रागानं मान वळवली. सायकल धरून एक तरुण उभा होता. खाकी शर्टावर तेलाचे डाग, आणि हसू ओठांपेक्षा डोळ्यांत जास्त.

"दुसऱ्याचं नुकसान बघून हसताय व्हय?"

"न्हाय ओ. मी कल्लप्पा, मोटारीच्या काचा बसवतो. सणाच्या दिवशी गिऱ्हाईक घावलं, म्हणून आनंद झाला."

आप्पांनाही हसू फुटलं, आणि काम कल्लप्पालाच मिळालं.

काच मुंबईहून यायची होती, आणि तिच्याभोवती बसणारा रबराचा गोटही. तोवर कल्लप्पाला वरचेवर माप घ्यायला यावं लागलं. मोटारीची काच काही रोज वाढत नाही, हे गौराला कळत होतं. पण सायकलची घंटा वाजली की तिची पावलं आपोआप अंगणात यायची.

"आज केवढी झाली काच?" ती विचारायची.

"कालच्यापेक्षा वाईच मोठी वाटती," तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. "च्या मिळाला तर नीट मोजतो."

कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेली ईराआत्या, आप्पांची थोरली बहीण, नुसती टरफलं जरा जोरात टाकायची.

शेवटी पार्सल आलं. आणि त्याच सकाळी जेवताना आप्पा म्हणाले, "उद्या मंगळवेढ्याला जातो. गौराला स्थळ हाय. ज्वारीचं मोठं घर. मनाला आलं तर शब्द देऊनच येतो. काच तेवढी बसू दे, मोटारीतनं उतरलं की समोरचं मानूस नीट बोलतं."

गौराच्या हातातला घास हातातच राहिला.

दुपारी आप्पा फळं आणायला बाजारात गेले. कल्लप्पा आला, पण एकटाच. त्याचा जोडीदार तापानं पडला होता.

"आत बसून सुतळी ओढायला कुणीतरी पायजे," तो म्हणाला, कुणाकडेही न बघता.

"जा गं गौरा," ईराआत्या म्हणाली. "नारळ तुजाच हुता की."

काचेभोवती काळा गोट चढवलेला होता, रिठ्याच्या फेसानं निसरडा केलेला, आणि त्याच्या खाचेत सुतळी. काच बाहेरून चौकटीला टेकवायची. आतल्यानं सुतळी हळूहळू ओढली, की रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढतो; जिथं सुतळी निघते, तिथंच बाहेरच्यानं तळवा दाबायचा. घाई झाली की रबर फाटतं.

"हळू... माज्या हातामागनं नको. हातासंगं," कल्लप्पा म्हणाला.

"हातासंगंच हाय की मी."

बोलून गेली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काचेपलीकडे तो एकदम खाली बघायला लागला. सुतळी सरकत होती, तळवा सरकत होता. मध्ये फक्त काच... फेसाचा एक बुडबुडा तिच्या बोटांसमोरून ओघळला. वरची कड बसली, बाजू बसल्या. खालचा एक कोपरा तेवढा राहिला, आणि गौरा थांबली.

"दमलात व्हय?"

"न्हाय. ही सुतळी संपली की काम संपलं."

"मग मोटार चालू! आप्पा खूश."

"उद्या मंगळवेढ्याला जाणार हाय ही." तिचा आवाज बारीक झाला. "माज्यासाठी... स्थळ बघायला."

तळवा होता तिथंच राहिला.

"घर... चांगलं हाय?"

"आप्पा म्हणत्यात."

त्यानं तळवा शेवटच्या कोपऱ्यावर दाबला. मग म्हणाला, "ओढा."

तिनं ओढली. रबर चपकन बसलं. एवढंच? रोज माप घ्यायला येणाऱ्याला एवढंच बोलता येतं?

तेवढ्यात आप्पा आले. काच बघून खूश झाले आणि म्हणाले, "पाणी मारून बघू. गौरा, तू आतच बस. गळलं तर सांग."

बादलीतलं अर्धं पाणी काचेवर आपटलं. बाहेरचं सगळं विरघळलं. 'गळतंय' म्हटलं, की उद्याची मोटार जाग्यावर! शब्द अगदी ओठांवर आला. पण कल्लप्पाची काच गळत नाही, हे सगळ्या मोटार-अड्ड्यावर ठाऊक होतं. त्याचं ते नाव ती कसं बुडवणार? तिनं कडेनं बोट फिरवलं.

"थेंबसुद्धा न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "काम चांगलं झालंय."

"गळतंय," कल्लप्पा म्हणाला.

"काय?"

"खालचा कोपरा कच्चा हाय, आप्पा. उद्या मोटार काढू नका. काच उतरवून परत बसवतो."

आप्पांनी दार उघडून कोपरा चाचपला. "कोरडा ठणठणीत हाय की रे! पोरगी म्हणती गळत न्हाय, तू म्हणतोस गळतंय. खोटं कोण बोलतंय?"

कल्लप्पानं ओले हात शर्टाला पुसले.

"मीच, आप्पा. काच पक्की हाय. पर मोटार मंगळवेढ्याला जाऊ नये... म्हणून."

आप्पा बघतच राहिले. कट्ट्यावरून ईराआत्या म्हणाली, "दसऱ्यापासनं काच मोजतोय त्यो. तुला एकट्यालाच दिसलं न्हाय बघ."

"घरी कोण असतं रे तुज्या?" मोटारीचं दार लावून घेत आप्पांनी विचारलं.

"आई. अक्कलकोटला."

"मग तिला धाडायचं सोडून माप कसलं घेत बसलास?"

"धाडतो की! हौदरी... व्हय आप्पा, उद्याच!"

आप्पांनी मोटारीत डोकावलं. "आन् तू गं? उतर आता."

गौरानं दोन्ही हातांनी सुकाणूचाक धरलं. "उद्या मोटार कुटं जाणार, ते सांगा. मगच उतरते."

आप्पांनी उरलेलं पाणी उगाचच काचेवर ओतलं. "त्येच्या आईला आणायला," ते घसा खाकरून म्हणाले. "मोटार असताना म्हातारीनं बैलगाडीत धक्के का खायचे?"

गौरा उतरायला वळली. पण रोजच्या त्या दाराची मूठ तिला काही केल्या सापडेना. शेवटी ते कल्लप्पानंच बाहेरून उघडलं.